गाडी गार होईपर्यंत

दाभोळच्या जेट्टीला फेरीबोट टेकली, पुढचा फळका खडखडत खाली गेला, दोन मोटारसायकली निघाल्या आणि माझी पाळी आली. चावी फिरवली. सेल्फ दणकून फिरला, पण इंजिन पकडेना. पुन्हा फिरवली, तेच. मागे आंब्याच्या पेट्यांनी भरलेला टेम्पो, त्याच्या मागे आणखी दोन गाड्या, आणि बोटीतून बाहेर पडायची वाट माझ्या बंपरसमोरून.

“काका, पेट्रोल हाय ना?” खलाशाने खिडकीतून डोकं आत घालून विचारलं.

पेट्रोल अर्धी टाकी होतं. बॅटरी चार महिन्यांपूर्वीची. गुहागरहून धोपाव्याच्या जेट्टीपर्यंत गाडी एकदाही कुरकुरली नव्हती. बोटीत चढवली, सगळे करतात तसं इंजिन बंद केलं, खाडी ओलांडायला लागतात तेवढी मिनिटं गेली आणि आता हे.

ओहोटीची वेळ होती. जेट्टीचा उतार शेवाळलेला आणि अंगावर येणारा. चौघांनी ढकलली, पाचवा हातात दगड घेऊन मागच्या चाकाबरोबर चालत होता. ढकलणारे दम खायला थांबले की तो दगड चाकाला लावायचा. आमची सौ. चपला एका हातात आणि आहेराची पिशवी दुसऱ्या हातात धरून कडेकडेने वर आली. दापोलीला तिच्या भाचीची हळद होती. ती काही बोलली नाही. एसटीने जाऊ, असं ती सकाळीच म्हणाली होती, त्यामुळे तिला बोलायची गरजही नव्हती.

वर सावलीत गाडी उभी केली, बोनेट उघडलं, उगाच दोनचार वायरी हलवल्या. पंचवीस मिनिटांनी कंटाळून चावी फिरवली तर पहिल्याच झटक्यात सुरू. जणू काही झालंच नाही.

माझं दुकान शृंगारतळीच्या अलीकडे. पंपाच्या मोटारी रिवाइंड करतो. पाणबुडी पंप, मोनोब्लॉक, क्वचित मिक्सर आणि ड्रिल. तीस वर्षं तांब्याची तार, वार्निश आणि मल्टिमीटर यांच्यातच गेली. मोटारगाडीतलं मात्र मला चाक बदलण्यापलीकडे काही येत नव्हतं. पुढचा सगळा प्रकार माझ्याच धंद्यातल्या एका कॉइलमुळे, म्हणजे तारेच्या वेटोळ्यामुळे, घडला आणि ते कळायला मला तीन आठवडे लागले, हे आधीच कबूल करतो.

दापोलीहून परत आल्यावर गाडी गॅरेजला दिली. गार गाडी अर्थातच व्यवस्थित चालली. गॅरेजवाल्याने ती तासभर फिरवली, बंद केली, दहा मिनिटांनी सुरू करायला गेला आणि नशिबाने त्याच्यासमोरही ती अडली. मागच्या सीटखाली कान लावून तो म्हणाला, “पंपाचा आवाज नाय. पंप गरम होऊन बसतोय.” निदान तर्काला धरून होतं. टाकीतला पेट्रोल पंप खरंच चालत नव्हता. पंप बदलला, 4,200 रुपये. चार दिवस बरे गेले, कारण त्या चार दिवसांत मी गाडी घर ते दुकान याच्यापलीकडे नेलीच नव्हती.

मग चिपळूणला तांब्याची तार आणायला गेलो. मे महिन्याची दुपार, घाटवळणाचा रस्ता, इंजिन चांगलं तापलेलं. बहादूरशेख नाक्यापाशी चहाला थांबलो. चहा, वडापाव, एक फोन. परत येऊन चावी फिरवली. सेल्फ फिरतोय, इंजिन पकडत नाही.

या वेळी मागे टेम्पो नव्हता आणि सौ.ही नव्हती, त्यामुळे डोकं शांत होतं. करण्यासारखं काही नव्हतं म्हणून डॅशबोर्डकडे बघत बसलो आणि एक गोष्ट दिसली. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा शून्यावरून हलत नव्हता. अर्ध्या तासाने गाडी गार होऊन सुरू व्हायच्या बेतात आली, तेव्हा मुद्दाम काट्याकडेच लक्ष ठेवलं. सेल्फ फिरायला लागला तसा काटा जरासा उचलला, शून्याच्या थोडा वर थरथरला, आणि मग इंजिन पकडलं.

सेल्फ इंजिनाला मिनिटाला दोनशेच्या आसपास फेऱ्या देतो. तेवढ्या फेऱ्या काट्यावर दिसायला हव्यात, निदान माझ्या गाडीत तरी दिसतात. गाडी गरम असताना इंजिन डोळ्यांदेखत फिरतंय आणि काटा म्हणतोय, फिरत नाही. म्हणजे इंजिन फिरतंय ही बातमीच कोणी आत पोचवत नव्हतं.

ती बातमी पोचवणारा म्हणजे क्रँकशाफ्ट पोझिशन सेन्सर. क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा. हे नाव मला भाच्याने सांगितलं. तो पुण्याला नोकरीला, मेमध्ये आंबे खायला आला होता. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये त्याने काडेपेटीएवढी एक डबी खोचली, ब्लूटूथने मोबाईलला जोडली आणि स्क्रीनवर कोड आला, पी 0335.

“मामा, क्रँक सेन्सर सर्किट.”

“म्हणजे सेन्सर गेला?”

“सर्किट म्हणतोय. सेन्सर असेल, वायर असेल, कपलर असेल. कुठे ते नाही सांगत तो.”

हे मला आवडलं. गिऱ्हाईक येतं आणि सांगतं, मोटार ट्रिप होते. तेवढ्यावरून वाइंडिंग जळलं असं मी म्हणत नाही. कपॅसिटर असू शकतो, केबल असू शकते, विहिरीत पंप गाळात रुतलेला असू शकतो. गॅरेजवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, कोड आलाय ना, मग सेन्सर बदलून टाकू. मी म्हटलं, थांबा, पंप आपण असाच बदलला होता.

पंपाचं कोडंही त्याच संध्याकाळी सुटलं. चावी ऑन केली की पंप दोनेक सेकंद गुणगुणतो, लाइनमध्ये दाब भरतो आणि थांबतो. त्यानंतर इंजिन फिरत असल्याची खूण मिळाली तरच इसीयू, म्हणजे गाडीचा मेंदू, पंपाची रिले चालू ठेवतो. अपघात होऊन इंजिन बंद पडलं तर पेट्रोल ओतत राहू नये, हा त्यातला हेतू. क्रँक सेन्सर गप्प, म्हणून पंप गप्प आणि स्पार्कही नाही. गॅरेजवाल्याने ऐकलेली शांतता खरी होती, फक्त ती पंपाची नव्हती. जुना पंप त्याने भंगारात टाकला होता. चांगला पंप. असो.

रविवारी दुकानासमोर गाडी जॅकवर घेतली, खाली घोड्या लावल्या आणि भाचा आणि मी चटई टाकून खाली घुसलो. सेन्सर गिअरबॉक्स जिथे इंजिनाला मिळतो त्या बाजूला, फ्लायव्हीलच्या, म्हणजे क्रँकच्या टोकाला असलेल्या जड चाकाच्या, परिघाकडे नाक करून बसवलेला. अंगठ्याएवढं काळं प्लास्टिक, एकच बोल्ट, दहाच्या पान्याचा. वर दोन पावसाळ्यांची तांबडी माती बसून खडक झालेली. ती खिळ्याने खरवडली, बोल्टवर गंजाचा स्प्रे मारून चहा घेतला, मग पाना लावला. बोल्ट सुटला पण सेन्सर निघेना. ओ-रिंग धरून बसली होती. डावी-उजवीकडे हलवत हलवत, नख मोडून, शेवटी निघाला.

टोकाला लोखंडाच्या चुऱ्याची दाढी होती. टोक लोखंडाला ओढत होतं, म्हणजे आत चुंबक. कपलरमध्ये, म्हणजे वायर जिथे खोचतात त्या जोडात, दोनच पिना. चुंबक आणि दोन पिना म्हणजे मध्ये कॉइल, दुसरं काय असणार! मला हसू आलं. जेट्टीवर मला ढकलायला लावणारी वस्तू म्हणजे दुकानात रोज हाताखालून जाते तसलीच एक कॉइल होती, फक्त केसासारख्या तारेची.

काम सरळ आहे. फ्लायव्हीलवर दातांचं चाक. माझ्या गाडीत साठ दातांची जागा आणि त्यातले दोन दात मुद्दाम गाळलेले, म्हणजे प्रत्यक्षात 58. चाक फिरलं की एकेक दात चुंबकासमोरून जातो आणि कॉइलमध्ये विजेची एकेक लाट उठते. सहा अंशाला एक लाट. गाळलेल्या दोन दातांपाशी लाट चुकते, तो खाडा पाहून इसीयूला कळतं की क्रँक आत्ता नेमका कुठे आहे, आणि त्यावरून स्पार्क कधी द्यायचा, पेट्रोल कधी फवारायचं हे तो ठरवतो. वेग जितका जास्त तितका व्होल्टेज जास्त. म्हणजे सगळ्यात अशक्त लाट कधी, तर सेल्फ मारताना. अर्धमेलं कॉइल तिथेच हरणार.

तीन पिनांचे सेन्सरही येतात. त्यात बहुधा हॉलचा, म्हणजे चुंबकाची चाहूल घेणारा, चिप असतो, त्याला बाहेरून वीज द्यावी लागते आणि त्याच्या पिनांना ओहमची रेंज लावून मोजणं म्हणजे चांगला सेन्सर हाताने मारण्याचा धोका पत्करणं. कधी तिसरी पिन नुसती शील्डची, म्हणजे वायरीभोवतीच्या संरक्षक जाळीची असते. आपल्या गाडीत काय आहे हे आधी बघावं आणि मगच प्रोब टेकवावेत.

मल्टिमीटर दोन हजार ओहमवर ठेवला. 860. मस्त. चुरा पुसून सेन्सर परत बसवला, कपलर मोकळा ठेवून पिनांना प्रोब लावले, मीटर एसी व्होल्टवर. भाच्याने सेल्फ मारला. 0.9 व्होल्ट. तेही ठीक. कपलरपासून इसीयूपर्यंतच्या वायरी एक ओहमच्या आत. कपलरच्या एका पिनेवर हिरवट थर चढला होता. खाऱ्या हवेत राहायचं तर तांब्या-पितळेला हे भोगावंच लागतं, आमच्याकडे घराच्या मेनस्विचलाही तेच होतं. भाचा म्हणाला, “मामा, हाच असणार. घासून टाकू.” मलाही क्षणभर तेच वाटलं. पण दुपारी इंजिन गरम असतानाच कपलर हिरवा होतो आणि अर्ध्या तासाने पुन्हा पिवळा होतो, असं तर होत नाही.

घोळ असा होता की आम्ही सगळं गार असताना मोजत होतो. गाडी अडते तेव्हा ती रस्त्यावर असते. जॅकवर चढवून, माती खरवडून, पाना लागेपर्यंत तासभर जातो आणि तोवर दुखणं पळून गेलेलं असतं. डॉक्टरच्या पायरीवर ताप उतरतो तसं.

दुकानात वार्निश सुकवायला माझ्याकडे पत्र्याची पेटी आहे. जुन्या कपाटाचा खण, आत 200 वॅटचा पिवळा बल्ब. रिवाइंड केलेला स्टेटर त्यात रात्रभर ठेवतो. सेन्सर पुन्हा काढला, पिनांना मगरक्लिपा लावल्या, मीटर बाहेर ठेवला, सेन्सर पेटीत आणि बल्ब चालू.

860. 870. 890. तांबं तापलं की रेझिस्टन्स वाढतोच, अंशाला साधारण 0.4 टक्के, त्यात नवल नाही. 940. भाचा मोबाईल बघायला लागला. 1000. मी तंबाखू मळली. 1050. पेटीचा पत्रा हात लावू देईना. 1070, आणि एकदम मीटरच्या डाव्या कडेला एकटा 1.

तो 1 म्हणजे सर्किट तुटलं. मी बल्ब बंद करून पेटीचं दार उघडलं. पाच-सात मिनिटं तो 1 तसाच. मग आकडा फडफडला, 1040 आला, गेला, पुन्हा आला आणि स्थिर झाला. पुन्हा बल्ब लावला. पुन्हा 1070 च्या आसपास 1. तिसऱ्यांदाही तेच. मी भाच्याकडे बघितलं. तो म्हणाला, “मामा, हे गॅरेजवाल्याला व्हिडिओ काढून पाठवू.”

थर्मामीटर नव्हता, पण लागलाही नाही. 860 चे 1070 म्हणजे सुमारे चौथाई वाढ, म्हणजे साठ-पासष्ट अंशांनी तापलं. सकाळी हवा तीसेक अंश, त्यात ते मिळवलं की नव्वदीच्या वर. गाडी चालू असताना वारा लागतो, पाणी फिरत असतं, पंखा असतो, त्यामुळे सेन्सर त्या हद्दीच्या आत राहत असणार. इंजिन बंद केलं की पाणी थांबतं, वारा थांबतो आणि ब्लॉकमधली उष्णता बोनेटखाली कोंडते. बंद केल्यानंतरची दहा-वीस मिनिटं आतला भाग चालत्या गाडीपेक्षा जास्त तापतो. म्हणजे फेरीबोटीत खाडी ओलांडायला जेवढा वेळ लागतो, किंवा एक चहा आणि एक वडापाव. चालताना गाडी कधीच बंद पडली नव्हती ती याच्यामुळे. सौ.ला हे सगळं रंगवून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे एसटीत हा सेन्सर नसतो का?” तिला मी उत्तर दिलं नाही.

नवा सेन्सर चिपळूणला मिळाला. दुकानदाराने दोन ठेवले समोर, एक 550 चा आणि एक 1,450 चा. मी खिशातून मीटर काढून दोन्ही मोजले, तो बघतच राहिला. स्वस्तातला 420 ओहम, दुसरा 875. महागातला घेतला. बरोबर 180 रुपयांचा वायरीसकट नवा कपलर, कारण हिरवा झालेला आता ठेवायचा नव्हता.

आणि इथे मी माती खाल्ली.

नव्या कपलरच्या वायरींचे रंग जुन्याशी जुळत नव्हते. दोनच वायरी, मध्ये कॉइल, प्लस-मायनस कसलं, असं म्हणत मी त्या सोल्डर करून, स्लीव्ह चढवून, टेप मारून मोकळा झालो. जोड मात्र देखणा झाला होता. चावी फिरवली तर सेल्फला पूर्वीपेक्षा दुप्पट वेळ लागला, मग इंजिन पकडलं आणि खोकायला लागलं. ॲक्सिलरेटर दिला की एकदा सायलेन्सरमधून बार काढला. शेजारच्या सलूनमधलं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीने बाहेर आलं. भाच्याने डबी लावली तर नवा कोड, पी 0336. सिग्नल येतोय, पण हिशोबात बसत नाही.

मी तिथेच पायरीवर बसलो. कॉइलला सुरुवात असते आणि शेवट असतो, हे मी दुकानात शिकायला येणाऱ्या प्रत्येक पोराला पहिल्या आठवड्यात शिकवतो. थ्री-फेज मोटारीत एका कॉइलची टोकं उलटी जोडली की मोटार गुरगुरते, तापते, करंट खाते. त्यासाठी पोरांना मी बोलणी घातली आहेत. इथे दात जवळ येताना लाट वर चढते आणि पुढे जाताना खाली उतरते. वर-खाली होताना ती शून्यातून जाते तो क्षण इसीयू दाताचा मध्य म्हणून धरतो. टोकं उलटी झाली की दात आणि खाच यांची अदलाबदल, आणि गाळलेल्या दातांपाशी तर पुरता गोंधळ. ज्यांना कॉइल म्हणजे काय हे ठाऊक नाही त्यांनी ही चूक केली असती तर समजू शकलो असतो.

देखणा जोड कापला, टोकं बदलली, पुन्हा सोल्डर. शील्डची जाळी आधी मी नुसती गुंडाळून ठेवली होती, तीही या वेळी नीट जोडली. सेल्फ मारताना मीटरवर 1.1 व्होल्ट. कपलर जोडला, चावी फिरवली, सेल्फने अर्धी फेरीही घेतली नसेल, इंजिन सुरू. कोड पुसले, परत आले नाहीत.

जुना सेन्सर रात्री हॅकसॉने उभा चिरला. प्लास्टिकच्या आत रेझिन, रेझिनमध्ये कॉइल, सगळं ठाकठीक. तुटलं होतं ते पिनेपाशी, जिथे केसाएवढी तार पिनेला गुंडाळून सोल्डर केलेली असते. भिंगातून बघितलं तर तार सोल्डरमधून निसटून त्याला नुसती टेकलेली. गार असताना टेकायची, तापून रेझिन फुगलं की बाजूला व्हायची. कापसाच्या धाग्याएवढंही अंतर नसेल ते.

खात्री करायची तर दुखणं जिथे झालं तिथेच जायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी एकटाच निघालो, एसी लावून, मुद्दाम लांबचा वळसा घेऊन, इंजिन तापवत धोपाव्याच्या जेट्टीवर. बोट लागलेलीच होती. चढवली, बंद केली, दाभोळला उतरायच्या वेळी फळका खाली गेला तसा एक खलाशी माझी गाडी ओळखून हातातला दोर टाकून मागे येऊन उभा राहिला, दोन्ही हात डिकीवर टेकवून. पाठोपाठ दुसरा दगड घेऊन आला.

चावी फिरवली आणि गाडी लगेच सुरू झाली. आरशात बघितलं तर पहिला हात झटकत होता आणि दगडवाला तो दगड कुठे ठेवावा याचा विचार करत तसाच उभा होता.